हरणाऱ्या संघाकडे कोण येणार?

सभाध्यक्ष आणि श्रोतेहो,

अमेरिकेच्या ऐन मध्यावर, गव्हाच्या शेतांनी वेढलेल्या कॅन्सस राज्यात मॅनहॅटन नावाचे एक गाव आहे. न्यू यॉर्कच्या मॅनहॅटनशी त्याचे साम्य नावापुरतेच. १९९० च्या सुमारास त्याची वस्ती चाळीस हजारांच्या आत होती. तेथील कॅन्सस स्टेट युनिव्हर्सिटी हे १८६३ साली स्थापन झालेले, शेतकी परंपरेचे विद्यापीठ. धान्यशास्त्र आणि पीठगिरणीचे तंत्र यांसाठी ते जगभर ओळखले जाते. मी १९८७ साली तेथे गेलो तो गहू कसा दळावा हे शिकायला. फुटबॉल पाहायला नव्हे. तेव्हा तो पाहायला जावे असे तेथे काही घडतही नव्हते. आज मात्र मी तुमच्यापुढे फुटबॉलवरच बोलणार आहे, कारण संस्था सतत हरू लागली की तिचे काय होते, हे मला गिरणीपेक्षा त्या मैदानाने अधिक शिकवले.

हा फुटबॉल आपला पायाने खेळायचा नव्हे. डोक्याला शिरस्त्राण, खांद्यांवर जाड गाद्या आणि बहुतेक वेळ हातात असलेला लांबट चेंडू, असा तो अमेरिकन खेळ आहे. तेथे विद्यापीठांचे सामने लाखभर लोक बसतील अशा मैदानांवर होतात आणि प्रशिक्षकाचा पगार पुष्कळदा कुलगुरूंपेक्षा मोठा असतो. खेळाडू मात्र विद्यार्थी. अगदी अलीकडेपर्यंत शिष्यवृत्तीपलीकडे त्यांना काही मिळत नसे, ही गोष्ट मला तेव्हाही खटकत असे.

१९८८ चा हंगाम संपला तेव्हा कॅन्सस स्टेटच्या नावावर २९९ विजय आणि ५१० पराभव होते. पाचशे सामने हरणारे हे देशातील पहिलेच मोठे विद्यापीठ. शेवटचे अजिंक्यपद १९३४ चे. स्टॅन पॅरिश या प्रशिक्षकांच्या तीन वर्षांत संघाने दोन सामने जिंकले, तीस गमावले आणि एक बरोबरीत सोडवला. तो एक सामना १९८७ साली शेजारच्या कॅन्सस विद्यापीठाशी झाला. दोन्ही संघ इतके दुबळे होते की त्या लढतीला लोकांनी संडासावरून नाव ठेवले होते, आणि ती १७-१७ अशी सुटली. १९८९ च्या हंगामाच्या तोंडावर ‘स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड’ या क्रीडा साप्ताहिकाने या संघाच्या नालायकीवर एक मोठा लेखच छापला. ‘बिग एट’ या आठ विद्यापीठांच्या गटातून बाहेर पडावे की काय, अशी चर्चा गावात उघडपणे होत असे.

आता असे का होते, ते पाहू. अमेरिकन महाविद्यालयीन फुटबॉलमध्ये खेळाडूंचा लिलाव नसतो, की शेवटच्या क्रमांकाच्या संघाला पहिली निवड द्यावी असा नियमही नसतो. प्रशिक्षकाने सतरा-अठरा वर्षांच्या मुलाच्या घरी जायचे, आईवडिलांसमोर बसायचे आणि तुमचा मुलगा आमच्याकडे द्या, असे पटवायचे. स्थळ पाहायला गेलेल्या वरपक्षासारखाच तो प्रसंग असतो, फक्त येथे विनवणी करणारा पाहुणा असतो. शेजारच्या नेब्रास्का किंवा ओक्लाहोमाचा प्रशिक्षक त्याच घरी येऊन गेलेला असतो. त्याच्याकडे दाखवायला अजिंक्यपदे असतात, भरलेले स्टेडियम असते, व्यावसायिक संघांत गेलेल्या खेळाडूंची यादी असते. तुमच्याकडे काय असते? म्हणून चांगला मुलगा येत नाही. तो येत नाही म्हणून संघ हरतो, आणि हरतो म्हणून पुढच्या वर्षीही तो येत नाही. प्रेक्षक घटतात, पैसा घटतो, प्रशिक्षक बदलतो. नवा प्रशिक्षक आला की जुन्याने आणलेली मुले अर्ध्यावर निघून जातात. बुडत्याचा पाय खोलात म्हणतात, तो असा. त्यातून कॅन्सस हे तेव्हा पंचवीस लाख वस्तीचे राज्य. तेथे मुळातच फार खेळाडू घडत नाहीत, आणि जे घडतात त्यांच्यावर दोन विद्यापीठे टपलेली असतात.

या चक्रातून सुटण्याचे उपाय पूर्वीही झाले होते. १९८१ साली तेव्हाचे प्रशिक्षक जिम डिकी यांनी एक युक्ती केली. महाविद्यालयीन खेळाडूला पाच वर्षांत चार हंगाम खेळता येते, आणि एक वर्ष नुसता सराव करत बाहेर बसवण्याला ‘रेडशर्ट’ म्हणतात. डिकींनी आपले काही अनुभवी खेळाडू त्या वर्षी बाहेर ठेवले, दोनच सामने जिंकून हसे करून घेतले आणि १९८२ मध्ये सगळ्यांना एकदम उतरवले. विद्यापीठ इतिहासात प्रथमच हंगामाअखेरच्या निमंत्रितांच्या सामन्यात, म्हणजे ‘बोल’मध्ये, पोहोचले आणि तेथे विस्कॉन्सिनकडून १४-३ असे हरले. गिरणीच्या भाषेत सांगायचे तर दोन वर्षांचे धान्य एकाच वर्षी दळले गेले. पुढच्या वर्षी कोठार रिकामे होते, आणि १९८५ च्या हंगामात तर दोन सामने होताच डिकी पायउतार झाले.

१९८८ च्या नोव्हेंबरात प्रशिक्षक म्हणून बिल स्नायडर यांची नेमणूक झाली तेव्हा गावाने फारशी दखल घेतली नाही. वय एकोणपन्नास. आयोवा विद्यापीठात ते हेडन फ्राय यांच्या हाताखाली आक्रमणाची आखणी पाहत होते. त्या आयोवाने १९६१ नंतर थेट १९८१ सालीच विजय अधिक आणि पराभव कमी असा हंगाम पाहिला होता. मेलेला संघ कसा उठतो, हे स्नायडर यांनी तेथे आतून पाहिलेले होते. ते मितभाषी होते, आणि दिवसातून एकदाच, तेही रात्री उशिरा, जेवण्याची त्यांची ख्याती होती. त्यांनी खेळाडूंपुढे सोळा ध्येये ठेवली. बांधिलकी, निःस्वार्थीपणा, एकजूट, सुधारणा, चुका टाळणे, सातत्य असे शब्द त्यांत आहेत. किती सामने जिंकायचे, हा आकडा कोठेही नाही. सुरुवातीला मला हे कीर्तनकाराचे बोल वाटले. तीस पराभव पचवलेल्या मुलाला ‘यंदा आठ जिंकू’ म्हटले तर तो मनातल्या मनात हसेल, पण ‘कालच्यापेक्षा आज हा एक डाव नीट कर’ म्हटले तर तो निदान करून पाहील, हे माझ्या ध्यानात यायला बराच काळ जावा लागला.

भरतीच्या बाबतीत मात्र स्नायडर पूर्ण व्यवहारी होते. नेब्रास्काच्या रांगेत उभे राहून आपल्याला काही मिळणार नाही, हे त्यांनी ओळखले. कॅन्ससमध्ये दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाची अनेक ज्युनिअर कॉलेजे आहेत. गार्डन सिटी, कॉफीव्हिल, हचिन्सन, बटलर अशा गावोगावच्या कॉलेजांत फुटबॉल जोरात चालतो. ज्यांचे शाळेतले गुण कमी पडले, ज्यांची वाढ उशिरा झाली, ज्यांच्याकडे मोठ्यांनी पाहिलेच नाही, अशी मुले तेथे असतात. ती वीस वर्षांची, अंगाने तयार आणि संधीसाठी भुकेली असतात. स्नायडर यांनी या दारांवर नेमाने थाप मारली. टेक्सासच्या ब्लिन कॉलेजने मायकल बिशप या क्वार्टरबॅकच्या, म्हणजे चेंडू फेकून आक्रमण चालवणाऱ्या खेळाडूच्या, काळात १९९५ आणि १९९६ अशी सलग दोन ज्युनिअर कॉलेज अजिंक्यपदे मिळवली होती. तो कॅन्सस स्टेटला आला, दोन हंगामांत संघाने २२ सामने जिंकले आणि ३ गमावले, आणि १९९८ साली देशातल्या सर्वोत्तम महाविद्यालयीन खेळाडूला मिळणाऱ्या हाइझमन पारितोषिकाच्या मतदानात तो दुसरा आला. त्याच वर्षी नेब्रास्काला ४०-३० असे हरवले गेले. तीस वर्षांत हे प्रथमच घडत होते.

दुसरा मार्ग होता ‘वॉक-ऑन’ मुलांचा. शिष्यवृत्तीशिवाय, आपल्या खर्चाने येऊन संघात जागा मागणारा तो वॉक-ऑन. मॅनहॅटनजवळच्या शेतकरी कुटुंबातला जॉर्डी नेल्सन २००३ मध्ये असाच आला. आला तो बचावफळीत. स्नायडर यांनी त्याला झेल घेणाऱ्यांत नेले, आणि २०११ साली ग्रीन बे या व्यावसायिक संघाकडून सुपर बोलमध्ये, म्हणजे व्यावसायिक फुटबॉलच्या अंतिम सामन्यात, त्याने टचडाउन केले, म्हणजे चेंडू मैदानाच्या टोकाच्या पट्ट्यात झेलून गुण मिळवले.

तिसऱ्या मार्गाबद्दल माझे मत तितके बरे नाही. गटाबाहेरचे जे सामने विद्यापीठाला स्वतः ठरवता येतात, त्यांत स्नायडर यांनी मुद्दाम कमकुवत प्रतिस्पर्धी घेतले. सुरुवातीच्या काळात ते योग्यच होते, कारण हरण्याची सवय मोडायला आधी जिंकण्याची चव लागते. पण १९९८ मध्ये, संघ देशातल्या अव्वल संघांपैकी असताना, इंडियाना स्टेटवर ६६-० आणि नॉर्दर्न इलिनॉयवर ७३-७ असे विजय मिळवून कोणाचे काय भले झाले? त्या वर्षी सलग अकरा सामने जिंकून संघ गटाच्या अंतिम सामन्यात टेक्सास ए अँड एमकडून दुसऱ्या जादा डावात ३६-३३ असा हरला. क्रमवारीत तिसरा असूनही एकाही मोठ्या बोलचे निमंत्रण त्याला आले नाही. हलक्या वेळापत्रकाचे हसे झालेच होते, त्याची किंमत तेथे वसूल झाली असे मला वाटते. तसे पुन्हा होऊ नये म्हणून नंतर नियम बदलला, ही गोष्ट वेगळी.

ज्युनिअर कॉलेजचा उपाय वाटतो तितका सोपा नाही, आणि येथे थोडे गणित करावे लागेल. १९९४ पासून मोठ्या विद्यापीठाला एका वेळी ८५ खेळाडूंना शिष्यवृत्ती देता येत असे, आणि पुढे दीर्घकाळ एका वर्षात नव्या २५ जणांनाच घेण्याची मर्यादा होती. शाळेतून आलेला मुलगा चार-पाच वर्षे टिकतो. ज्युनिअर कॉलेजचा दोन वर्षांत जातो, आणि अभ्यासात अडला तर एका वर्षातच. म्हणजे २५ जागा अशा मुलांवर खर्च केल्या, त्यांतले दहा लवकर गळाले, तर त्या दहा जागा पुढच्या वर्षी जास्तीच्या म्हणून परत मिळत नाहीत. कोठाराला खालून भोक पडते आणि वरून धान्य मात्र मोजूनच टाकता येते. कॅन्सस विद्यापीठात २०१२ नंतर चार्ली वाइस यांनी झटपट सुधारणेसाठी अशी मुले मोठ्या संख्येने आणली. त्यांच्यानंतरच्या प्रशिक्षकाला शिष्यवृत्त्यांच्या सगळ्या जागा भरणेही जमेना, आणि २०१५ साली संघ बाराच्या बारा सामने हरला. कॅन्सस स्टेटमध्येही स्नायडर २००५ मध्ये निवृत्त झाल्यावर आलेल्या रॉन प्रिन्स यांनी हाच मार्ग अधिक वेगाने धरला आणि तीन वर्षांत त्यांना जावे लागले. औषध तेच होते, मात्रा चुकली. स्नायडर मुले निवडताना त्यांच्यातल्या कोण दोन वर्षे टिकेल याचा अंदाज घेत आणि आल्यावर त्यांना आपल्या शिस्तीत बसवत. एकोणसत्तराव्या वर्षी त्यांना परत बोलावावे लागले, आणि २०१२ मध्ये संघ पुन्हा गटविजेता झाला.

आता हे सारे बदलले आहे. २०१८ मध्ये ‘ट्रान्स्फर पोर्टल’ सुरू झाले, २०२१ पासून एक वर्ष बाहेर न बसता विद्यापीठ बदलता येऊ लागले, आणि त्याच वर्षीच्या जुलैपासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर जाहिरातीचे पैसे घेण्याची मुभा मिळाली. पराभवांच्या यादीत कायम अग्रभागी असलेल्या इंडियाना विद्यापीठात प्रशिक्षक म्हणून कर्ट सिग्नेटी आले, आपल्या आधीच्या विद्यापीठातले डझनभर खेळाडू बरोबर घेऊन आले, आणि २०२४ मध्ये पहिल्याच वर्षी त्यांनी ११ सामने जिंकले. स्नायडर यांना इतके विजय गाठायला नऊ हंगाम लागले होते. त्यांचे पहिले पाच हंगाम पाहा: १, ५, ७, ५ आणि ९ विजय. तिसऱ्यानंतर चौथ्यात घसरण झाली तेव्हा कोणी त्यांना काढले नाही. आज काढले नसते, असे मी छातीठोकपणे म्हणू शकत नाही.

शेवटी त्या मुलांविषयी थोडे, जी या यशाआधीच निघून गेली. १९८६ साली आलेला आणि १९८९ मध्ये चौथा हंगाम संपवून गेलेला खेळाडू घ्या. त्याच्या संघाने चार वर्षांत ३ सामने जिंकले, ४० गमावले आणि एक बरोबरीत सोडवला. पुढे स्टेडियमला स्नायडर कुटुंबाचे नाव लागले, बोल सामन्यांचे चषक कपाटात आले, पण त्यांतले काहीच या मुलांच्या वाट्याचे नव्हते. त्यांच्या वाट्याला आला एक शनिवार. ३० सप्टेंबर १९८९, समोर नॉर्थ टेक्सास, आधीचे तीस सामने विजयाविना गेलेले. संघ मागे होता आणि घड्याळात क्षण उरले नव्हते, तेव्हा कार्ल स्ट्रॉने फेकलेला चेंडू फ्रँक हर्नांडेझने टचडाउनसाठी झेलला आणि धावफलकावर २०-१७ असे आकडे लागले. मी स्टेडियमवर नव्हतो. प्रयोगशाळेतल्या गिरणीत रोलर्सच्या आवाजात मला बाहेरचे काहीच ऐकू आले नाही, आणि संध्याकाळी रस्त्यावर मोटारींचे भोंगे का वाजत आहेत, हे मला एकाला थांबवून विचारावे लागले. त्या हंगामातले उरलेले सातही सामने संघ हरला.