मोगरी पाठ, पुराण कपाटात

अध्यक्षांनी विषय वाचून दाखवलाच आहे: शनिवार-रविवारी काय वाचावं, ख्रिस्ती श्रद्धा आणि रोजचं जगणं. चार पुस्तकं सांगायची आहेत आणि वेळ अर्धा तास. चहा आधीच झालाय, तेव्हा मध्येच कुणी उठणार नाही असं धरून चालतो.

पहिलं पुस्तक फादर स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण. बघा, नाव काढल्याबरोबर मागच्या दोन रांगांचे ओठ हलले. मोगरी आणि कस्तुरी! मराठीच्या स्तुतीच्या त्या ओव्या आपल्याला तोंडपाठ असतात, कारण दर २७ फेब्रुवारीला कुणीतरी त्या म्हणतंच. तक्रार एवढीच की ग्रंथात ओव्या आहेत १०,९६२. त्यातल्या चार-पाच म्हणून झाल्या की बाकीच्यांना शाल-श्रीफळ. इंग्लंडचा एक जेज्विट पाद्री १५७९ साली गोव्यात येतो, साष्टीत राहतो, मराठी शिकतो, १६१६ साली रायतूरला हा ग्रंथ छापला जातो. आणि आपण त्याचं प्रमाणपत्र करून भिंतीवर टांगतो. साहेबसुद्धा मराठीला छान म्हणाला! अहो, तेवढं म्हणायला कुणी अकरा हजार ओव्या रचत नाही.

रचल्या कशाला, ते पहिल्याच अवस्वरात आहे. अवस्वरु म्हणजे त्याचा अध्याय. रविवारची दुपार आहे. साष्टीतली माणसं इग्रेजीत, म्हणजे चर्चमध्ये, डोत्रिन शिकून बसली आहेत. डोत्रिन म्हणजे धर्मशिक्षण. एक ब्राह्मण पाद्रीला विचारतो. त्याच्या बोलण्याचा मथितार्थ असा की शिकवण चांगली आहे, पण जुन्या पुराणांच्या जागी आमच्या भाषेत काही पुराण असेल तर लोकांच्या मनाला विरंगुळा होईल. म्हणजे आजच्या व्याख्यानाचा विषय त्या गृहस्थानं चारशे वर्षांपूर्वीच काढून ठेवलाय. आपण फक्त हॉल भाड्यानं घेतला.

एवढं ध्यानात आलं की वाचायचं कसं तेही कळतं. मोठ्यानं वाचायचं. पहिली छपाई रोमी लिपीत होती. ज्याला अक्षरओळख नव्हती त्याच्यापर्यंत ते कानानंच पोचलं. मनातल्या मनात वाचलंत तर 'कव्हणे', 'आयतवार' असले शब्द डोळ्यांना खडे लागतात, कानाला लागत नाहीत. ओवीचे चार चरण. पहिल्या तिन्हींना यमक, चौथा आखूड आणि मोकळा. चूक होते ती इथे: यमक संपलं म्हणून माणूस तिसऱ्या चरणाशी श्वास घेतो आणि चौथा बिचारा पोरका पडतो. तिसरा-चौथा एका दमात घ्या, श्वास नंतर. एका ओवीला सात-आठ सेकंद लागतात, शंभर ओव्यांना बारा-तेरा मिनिटं. कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत आटपतं. दर रविवारी शंभर धरल्या तर ११० रविवार, दोन वर्षं आणि वर दीड महिना. कुठल्याही मालिकेपेक्षा लवकर संपतं.

दुसरी चूक, पहिल्या पानापासून ओळीनं जायचं. ग्रंथात पुराणं दोन. पहिलं पुराण बायबलच्या जुन्या कराराचं, ४,१८१ ओव्यांचं. उत्साह नोहाच्या तारवापर्यंत पुरतो, मग पुस्तक कपाटात. तेव्हा पहिला अवस्वरु वाचा आणि सरळ दुसऱ्या पुराणावर उडी मारा, ख्रिस्ताच्या चरित्रावर. पहिल्याकडे मागाहून वळा. तिसरी चूक शब्दकोश घेऊन बसण्याची. अडलेल्या शब्दाखाली पेन्सिलीची खूण करा आणि पुढे चला. फादर नेल्सन फलकाव यांच्या २००९च्या आवृत्तीत गद्य मराठी रूपांतर आहे, वाचून झाल्यावर त्यात पाहा. बांदेलूंची १९५६ची देवनागरी आवृत्ती एखाद्या जुन्या वाचनालयात सापडली तर तीही चालेल. आणि स्वर्गाला तो वैकुंठ म्हणतो, तिथे दचकू नका. ऐकणाऱ्याच्या घरात जो शब्द होता तो त्यानं उचलला. चर्चमधल्या प्रार्थनेला वसईत मिस्सा म्हणतात, नगरला उपासना, तसंच हे.

चिठ्ठी आली. सहा मिनिटं! बरं, उरलेली तीन पुस्तकं पटापट.

लक्ष्मीबाई टिळकांची स्मृतिचित्रे. १९३४ ते १९३७ मध्ये चार भागांत आली. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५चा, लक्ष्मीबाईंचा १९००चा. मधली पाच वर्षं नीट वाचा. आधी त्या नवऱ्यापासून वेगळ्या राहतात, मग ख्रिस्ती नवऱ्याच्या घरात राहूनही आपलं सोवळं, आपलं पाणी वेगळं ठेवतात. ते सुटतं ते त्यांच्या स्वतःच्या विचारानं, प्रवचनानं नव्हे. श्रद्धा पाण्याच्या घागरीशी कशी अडते आणि कशी मोकळी होते, हे इतकं हसत-हसत दुसऱ्या कुणी मराठीत लिहिलेलं नाही. एका बैठकीला एक प्रकरण, आणि विनोदासाठी घाई नको.

बाबा पद्मनजींची कादंबरी यमुनापर्यटन, १८५७. उपदेशाची पानं लागतील, ती खुशाल उलटा. विधवांच्या हकिगती मात्र एकही सोडू नका.

आणि लूकचं शुभवर्तमान. फादर दिब्रिटोंच्या सुबोध बायबलातलं घ्या, भाषा अडत नाही. अध्याय चोवीस. शनिवारी एक, रविवारी एक, बारा आठवड्यांत पुरं. तेराव्या अध्यायात एक बाई तीन मापं पिठात खमीर घालते. आपण ती ओळ अर्ध्या सेकंदात ओलांडतो. ते एक माप साधारण तेरा लिटरचं. तिन्ही मिळून वीस किलोच्या वर पीठ. घरात रोजच्या भाकऱ्या जो थापतो त्याला वाचता-वाचता विचारा, एवढी कणीक कुठल्या परातीत मळायची आणि जेवायला येणार आहे तरी कोण?