थरच्या वाटेवर दहा लिटर पाणी

श्रोतेहो,

मागच्या जानेवारीत, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, मी पहिल्यांदा एकटीने गाडी चालवत थरच्या वाळवंटातून गेले. शनिवार, रविवार आणि जोडून घेतलेली सोमवारची रजा, एवढाच तो प्रवास. निघताना धुळ्याच्या घरी आईने अहिराणीत विचारले होते, ‘‘एकली कशी जाशी?’’ त्या प्रश्नाला मी तेव्हा नीट उत्तर दिले नव्हते, आणि आज तुमच्यासमोर बोलताना तोच प्रश्न माझ्या मनात आहे.

जोधपूरपर्यंत रेल्वेने जाऊन तेथे मी भाड्याने एक छोटी गाडी घेतली. जोधपूरहून पोखरणमार्गे जैसलमेर सुमारे २८० किलोमीटर आहे आणि रस्ता उत्तम आहे, त्यामुळे पहिल्या दिवसात अवघड असे काही नव्हते. तरी सोबत कोणी नसले की प्रत्येक गोष्टीची काळजी आपल्यालाच आधी करावी लागते. टाकी निम्म्याच्या खाली उतरू द्यायची नाही, दिवे लागणीनंतर गाडी चालवायची नाही (गायी आणि उंट रस्त्यावरच बसलेले असतात), आणि मुक्कामाच्या ठिकाणी परतण्याची वेळ सांगून निघायचे, हे मी स्वतःला घालून घेतलेले नियम होते. मागच्या सीटवर १० लिटर पाण्याचा कॅन होता. किती प्यायले, किती उरले, याची नोंद मी वहीत करत होते, आणि त्या वहीमुळेच माझी नजर बदलली असे मला वाटते. स्वतःच्या पाण्याचा हिशेब ठेवणाऱ्या माणसाला दुसऱ्यांचा हिशेबही दिसू लागतो.

१९७४ आणि १९९८ च्या अणुचाचण्यांमुळे पोखरणचे नाव आपल्या सर्वांना माहीत आहे, पण माझे लक्ष वाटेवरच्या झाडांनी अधिक वेधून घेतले. शेतांत, कुंपणांत, उघड्या माळावर सगळीकडे खेजडी उभी होती. ही खेजडी म्हणजे दसऱ्याला आपण जिची पूजा करतो ती शमी. तिची मुळे फार खोल जातात, पाला जनावरांना चारा होतो आणि कोवळ्या शेंगा, म्हणजे सांगरी, वाळवून वर्षभर भाजीला वापरतात. जोधपूरजवळच्या खेजडली गावात १७३० साली याच झाडांची तोड अडवताना अमृतादेवींसह ३६३ बिश्नोई स्त्रीपुरुषांनी प्राण दिले. झाडासाठी इतकी माणसे का मरतात, हे ते झाड त्या भूमीत उभे असलेले पाहिल्यावर मला समजले.

रविवारी जैसलमेरहून रामगढमार्गे पाकिस्तानच्या सीमेजवळच्या तनोटकडे निघाले. हे अंतर सुमारे १२० किलोमीटर आहे. रामगढनंतर वस्ती विरळ होते, मोबाईलची रेंज जाते आणि वाऱ्याने डांबरावर वाळूचे पट्टे ओढलेले दिसतात. समोरून आलेल्या ट्रकला वाट देण्यासाठी मी गाडी थोडी खाली घेतली आणि पुढचे डावे चाक वाळूत गेले. घाबरून ॲक्सिलरेटर दाबला, हीच चूक झाली. चाक जागच्या जागी फिरले आणि पाहता पाहता निम्मे आत गेले. वाळूत चाक फिरवणे म्हणजे स्वतःच्या हाताने खड्डा खणणे.

वीसेक मिनिटांनी शेळ्या घेऊन एक वयस्क गुराखी आला. ‘‘बाईसा, गाडी बंद करा,’’ एवढेच तो आधी म्हणाला. त्याने दोन्ही हातांनी चाकापुढची वाळू ओढून उतार केला आणि मला टायरची हवा कमी करायला सांगितली. हवा कमी झाली की टायर पसरतो, वजन जास्त जागेवर वाटले जाते आणि चाक रुतत नाही. मग जवळच्या झुडपाच्या जाड पानांच्या फांद्या तोडून त्याने चाकाखाली अंथरल्या. त्यांतून पांढरा चीक गळत होता. ती रुई होती, शनिवारी मारुतीला आपण जिच्या पानांची माळ घालतो तीच. पहिल्या गिअरमध्ये, क्लच अगदी हलके सोडत, गाडी रस्त्यावर आली.

मी त्याला कॅनमधले पाणी देऊ केले. त्याने नको म्हटले आणि मला थोड्या अंतरावरच्या एका बेरीपाशी नेले. बेरी म्हणजे अरुंद तोंडाची विहीर. तोंडावर लाकडी झाकण होते. त्या भागातले खोलवरचे भूजल खारे आहे, पण काही ठिकाणी वाळूखाली जिप्समचा कठीण थर असतो. पावसाचे पाणी त्या थरावर अडते, खाऱ्या पाण्यात मिसळत नाही, आणि वाळूत ओल होऊन राहते. बेरीत ते थेंबाथेंबाने झिरपते. त्याने दोराने लहानशी बादली वर काढली, आम्ही दोघे ओंजळीने प्यायलो, आणि तेथून हलण्याआधी त्याने झाकण पुन्हा लावले. ते पाणी गोड होते.

जैसलमेरच्या परिसरात वर्षाला २०० मिलिमीटरपेक्षाही कमी पाऊस पडतो. तेथेच पालीवाल समाजाने कित्येक शतकांपूर्वी खडीन बांधले: खडकाळ उतारावरून वाहून येणारे पाणी खालच्या बाजूला मातीच्या बांधाने अडवायचे, जमिनीत मुरू द्यायचे आणि त्याच ओलीवर रब्बीचा गहू-हरभरा घ्यायचा. बांधामागचे हिरवे शेत पाहताना मला आपली पांझरा नदी आठवली. आपल्याकडे त्याच्या जवळजवळ तिप्पट पाऊस आहे, आणि आपल्या पूर्वजांनीही पांझरेवर बंधाऱ्यांची साखळी बांधून फड पद्धती उभी केली होती. बंधाऱ्यातून पाट निघायचा, एका फडात, म्हणजे लागून असलेल्या शेतांच्या एका गटात, सर्वांनी एकच पीक घ्यायचे, पाटकरी प्रत्येकाला पाणी द्यायचा, आणि पाणी कमी असेल त्या वर्षी कोणता फड पडीक ठेवायचा हे गाव मिळून ठरवायचे. हे सारे मी शाळेत असल्यापासून ऐकत आले, आणि घरापासून तासाभराच्या अंतरावरचा फड मी आजवर एकदाही चालून पाहिलेला नव्हता. याचे मला मनापासून वाईट वाटले.

सोमवारी जोधपूरला गाडी परत करताना कॅनमध्ये तीन लिटर पाणी उरले होते. आईला मी घरी आल्यावर सांगितले की मी एकटी गेले खरी, पण रस्त्यावरच्या माणसांच्या, झाडांच्या आणि विहिरीच्या आधाराने परत आले. तिने विचारले, आता पुढे कुठे? येत्या रविवारी सकाळी सात वाजता मी पांझरेकाठच्या एका बंधाऱ्यापासून पाटाच्या कडेने शेवटच्या फडापर्यंत चालत जाणार आहे. पाट सांभाळणारे एक काका वाट दाखवायला तयार झाले आहेत. ज्यांना यायचे असेल त्यांनी व्याख्यानानंतर मला भेटावे.