शिध्यात काय असावे, हे कोणी ठरवायचे?

मित्रहो, 1972 च्या दुष्काळात मराठवाडा अमेरिकेतून आलेल्या लाल मिलोवर, म्हणजे ज्वारीच्याच एका जातीवर, आणि दुष्काळी कामांवर वाटल्या जाणाऱ्या सुकडी या पौष्टिक कोरड्या खाद्यावर जगला. त्या अन्नाने माणसे तगली, हे ऋण मी मानतो. परंतु माझी आजी मिलोच्या भाकरीची आठवण काढताना तिच्या चवीआधी रांगेत खाली घालावी लागलेली मान सांगत असे. भुकेल्याला कसली आली आवडनिवड, असे आपण सहज म्हणतो. मला आज त्याच समजुतीविरुद्ध बोलायचे आहे.

2025 च्या सप्टेंबरमध्ये धाराशिव जिल्ह्यातील परंडा आणि भूम तालुक्यांत पूर आला, तेव्हा शिधा पोचवणाऱ्यांत मीही होतो. चुली वाहून गेलेल्या, सरपण भिजलेल्या घरांत आम्ही कच्चा तांदूळ आणि तूरडाळ दिली. ते शिजवायचे कशावर, हे विचारायचे आमच्यापैकी कोणालाही सुचले नाही. छायाचित्र मात्र प्रत्येक दारात काढले गेले. पिशवीचे एक टोक देणाऱ्याच्या हातात आणि दुसरे घेणाऱ्या बाईच्या हातात, अशी ती छायाचित्रे होती, आणि तिची संमती कोणी घेतली नव्हती. याची लाज मला आजही वाटते.

2013 च्या अन्नसुरक्षा कायद्याने धान्य हा हक्क ठरवला, म्हणून मी त्याला दानापेक्षा श्रेष्ठ मानतो. पण त्या कायद्यातील ‘प्राधान्य कुटुंब’ या गटातल्या माणसाला महिन्याला मिळणारे 5 किलो धान्य म्हणजे दिवसाला साधारण 165 ग्रॅम, सहाशेच्या आतबाहेर कॅलरी. उसाच्या फडात कोयता चालवणाऱ्या बाईची गरज त्याच्या कितीतरी पट असते. त्याच कायद्यात भरडधान्य 1 रुपया किलोने देण्याची तरतूद होती, तरी ज्वारीच्या या मुलखात ‘कंट्रोल’वर, म्हणजे रेशन दुकानात, बहुतेक वेळा गहू-तांदूळच आले. शंभर ग्रॅम ज्वारीत सुमारे 4 मिलिग्रॅम लोह असते आणि पॉलिश केलेल्या तांदळात 1 मिलिग्रॅमही नसते. जिथे बायकांच्या अंगात रक्त कमी आहे, तिथे हा फरक क्षुल्लक नाही.

2023 मध्ये मराठवाड्यासह राज्यातल्या 14 जिल्ह्यांतील केशरी शिधापत्रिका असलेल्या शेतकरी कुटुंबांना धान्याऐवजी महिन्याला माणशी 150 रुपये देण्याचे ठरले. रोख रकमेने निवड घेणाऱ्याच्या हाती येते, हे मला पटते. परंतु त्या वर्षीच्या 3180 रुपये क्विंटल या हमीभावानेदेखील 5 किलो संकरित ज्वारीला 159 रुपये पडत होते, आणि दुकानात हमीभावाने ज्वारी मिळत नाही.

पुराच्या गावांत दुसऱ्या खेपेला जाण्याआधी आम्ही मारुतीच्या पारावर बसून याद्या केल्या, आणि लिहायचे काम गावातल्या बायकांकडे दिले. ज्वारीचे पीठ, तिखट-मीठ, गोडेतेल, काडेपेट्या असे त्यांनी लिहिले. एका आजीने मात्र सर्वांत आधी कडबा मागितला. तिच्या नातवाचे दूध त्या घरातल्या एकुलत्या एक म्हशीचे होते, आणि म्हैस तीन दिवस उपाशी होती.