पिग्मीची स्क्रीन

इथे बसलेल्यांपैकी निम्मे तरी उद्या सकाळी हिंजवडी नाहीतर खराडी गाठतील, आणि काही जण वाकडच्या पुलावर अडकून फोनवरूनच स्टँडअप, म्हणजे टीमची रोजची छोटी बैठक, उरकतील. त्यामुळे ॲजाइल म्हणजे सॉफ्टवेअर थोडं थोडं करून, वापरणाऱ्याला दाखवत पुढे न्यायचं, यापलीकडे ती बाराखडी मी गिरवत नाही. माझ्या एका फसलेल्या प्रोजेक्टपासून सुरुवात करते.

१९९८ साली आम्ही पेठेतल्या एका पतसंस्थेचं सॉफ्टवेअर केलं. काम अगदी शिस्तीत. आधी रिक्वायरमेंट, मग डिझाइन, मग कोडिंग, मग टेस्टिंग. १४० पानांचं डॉक्युमेंट आणि पानोपानी मॅनेजरसाहेबांची सही. १४ महिन्यांनी ते बसवलं. पहिल्याच संध्याकाळी पिग्मी एजंट आले. दुकानादुकानांतून रोज वीस-पन्नास रुपये गोळा करायचे, ती पिग्मी. एकेकाच्या वहीत सव्वाशे नोंदी. आमच्या स्क्रीनवर दर नोंदीला खातं शोधा, उघडा, तारीख टाका, रक्कम टाका, सेव्ह करा, वर पुन्हा 'नोंद झाली'ला ओके म्हणा. काउंटरवरच्या बाईंचं डावं बोट वहीतल्या ओळीवर असायचं आणि उजवा हात आकड्यांच्या कळांवर. तो हात माउसकडे गेला की नजर वहीवरून उठायची आणि ओळ चुकायची. साडेआठ वाजले तेव्हा त्या शांतपणे म्हणाल्या, "मॅडम, तुमचं कॉम्प्युटर चांगलंय, पण मला कात्रजची बस गाठायचीय."

डॉक्युमेंटमध्ये पिग्मीबद्दल एकच ओळ होती: 'रोजच्या पिग्मी जमेची नोंद करता यावी.' ती करता येत होतीच की! सही करणाऱ्या साहेबांनी मात्र ती नोंद जन्मात कधी केली नव्हती.

यावर हल्ली लगेच उत्तर येतं की हा वॉटरफॉलचा, म्हणजे एक पायरी पुरी झाल्यावरच पुढची घ्यायच्या पद्धतीचा, दोष. पण १९७०मध्ये अमेरिकेतले सॉफ्टवेअर तज्ज्ञ विन्स्टन रॉइस यांनी ज्या निबंधात ती पायऱ्यांची आकृती काढली, त्यात 'वॉटरफॉल' हा शब्दच नाही. उलट, टेस्टिंग पार शेवटी येत असल्यामुळे हे असंच राबवणं धोक्याचं आहे, असं त्यांनी तिथेच बजावलंय. काम नवीन असेल तर आधी एक छोटी आवृत्ती करून बघा आणि ग्राहकाच्या हाती दुसरी द्या, हा त्यांचाच सल्ला. लोकांनी आकृती उचलली आणि मजकूर सोडून दिला.

ॲजाइलचंही तेच झालं. फेब्रुवारी २००१मध्ये अमेरिकेत, युटामधल्या स्नोबर्डला, सॉफ्टवेअर क्षेत्रातले १७ जण जमले आणि ॲजाइलचा जाहीरनामा निघाला. त्यात ना कामाचा आकार मोजायचे स्टोरी पॉइंट आहेत, ना उरलेलं काम दाखवणारा बर्नडाउन चार्ट. स्क्रम या ॲजाइलच्या एका प्रकारात रोजची भेट १५ मिनिटांची, टीमने आपसात दिवसाचं काम जुळवण्यासाठी. आपल्याकडे ती पाऊण तास चालते, आणि जो तो मॅनेजरकडे बघून हजेरी देतो. मग आठ स्प्रिंट (कामाचे छोटे टप्पे) कोडिंग, दोन स्प्रिंट टेस्टिंग, आणि वापरणारा माणूस शेवटच्या दिवशी. ही माझी १९९८चीच पद्धत आहे, फक्त दोन-दोन आठवड्यांच्या फोडी करून वाढलेली.

कुठलीही पद्धत असो, मी तिला एवढंच विचारते: चूक कळणार कधी, आणि तोवर ती निस्तरायला किती महाग झालेली असेल?

जुन्या सिस्टिममधली खाती नव्या सिस्टिममध्ये न्यायची असतात, तेव्हा शनिवारी संध्याकाळी काउंटर बंद होतं आणि सोमवारी सकाळी उघडावंच लागतं. तिथे 'पुढच्या स्प्रिंटला बघू' चालत नाही. मिनिटामिनिटाची यादी हवी. शिलकांच्या बेरजा जुळल्या नाहीत तर किती वाजता माघार घ्यायची, हेही आधीच लिहिलेलं हवं. आणि दोन रंगीत तालमी. तालमीत चूक सापडली तर ती फुकटात सापडते. इथे मी पक्की जुन्या वळणाची आहे.

जीएसटी आला तेव्हा जुनी शिस्त आणि ॲजाइल, दोन्ही लागलं. १ जुलै २०१७ ही तारीख सरकारची, म्हणजे गणपतीच्या मांडवासारखी गत. चतुर्थी काही पुढे ढकलता येत नाही. देखावा राहिला तर पडदा ओढतात, पण मूर्ती सकाळी जागेवर हवीच. बिल निघणं ही मूर्ती, रंगीबेरंगी रिपोर्ट हा देखावा. हे ग्राहकाबरोबर बसून आधीच ठरवावं लागतं, आणि त्यात भांडणंही होतात. पुढे नोव्हेंबरात कित्येक वस्तूंचा दर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. ज्यांनी दर कोडमध्येच कोरून ठेवले होते, त्यांची पळापळ झाली.

आत्ता एक चिठ्ठी आली आहे: 'ग्राहक फिक्स्ड प्राइस मागतो, मग ॲजाइल कसं करायचं?' किंमत आणि तारीख बांधून द्या, कामांच्या यादीचा तळ, म्हणजे कमी महत्त्वाची कामं, मात्र मोकळा ठेवा. नवीन काही आत आलं तर तेवढ्याच आकाराचं काही बाहेर जाईल, हे करारातच लिहा. आणि तिसऱ्या आठवड्यात काहीतरी चालतं दाखवा, साहेबांना नव्हे, काउंटरवर.

हो, त्या पतसंस्थेचं काय झालं, ते राहिलंच. आमचा एक मुलगा दोन संध्याकाळ त्या बाईंशेजारी स्टूल टाकून बसला. चार दिवसांत नवी स्क्रीन झाली: खाते क्रमांक, एंटर, रक्कम, एंटर. तारीख एकदाच, खाली चालू बेरीज, माउसला सुट्टी. बाईंनी ती वापरून बघितली आणि म्हणाल्या, "बेरजेचा आकडा मोठा करा. एजंटाला जाळीच्या बाहेरून दिसला पाहिजे, म्हणजे वाद होत नाहीत."