आभाळातली वलयं

(दृश्य : सारंगखेड्याची यात्रा. घोड्यांची रांग, मागे मोकळं आभाळ.)

दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्यात घोड्यांचा बाजार भरतो. पांढराशुभ्र घोडा आणि मागे डिसेंबरचं निरभ्र आभाळ, या एका फोटोसाठी धुळे, जळगाव, नंदुरबारचे फोटोग्राफर इथे येतात.

(दृश्य : एक फोटो पडदाभर. हळूहळू आभाळाकडे.)

घोडा झकास आलाय. आता आभाळ बघा. मधे निळं, भोवती फिकट कडं, त्याबाहेर पुन्हा गडद. पाण्यात खडा टाकल्यावर उठावीत तशी वलयं. "हाई काय शे भाऊ?" म्हणत लेन्स पुसली जाते, सेन्सरही साफ होतो. वलयं जात नाहीत, कारण खोट काचेत नाहीच. ती कॅमेऱ्याच्या मेन्यूत आहे.

कुठलीही लेन्स कडेला थोडी उणी पडते. कोपरे काळवंडतात, सरळ रेषा वाकतात, फांद्यांच्या कडांना जांभळी-हिरवी किनार येते. आजचे कॅमेरे हे दोष फोटो काढतानाच दुरुस्त करतात. पण त्यासाठी लेन्स कुठली, तिचा कोपरा किती काळा पडतो, हे कॅमेऱ्याला माहीत असावं लागतं. लेन्स आपली ओळख एका क्रमांकाने सांगते आणि कॅमेरा त्या क्रमांकाचा हिशोब लावतो. दुसऱ्या कंपनीच्या लेन्सने सांगितलेला क्रमांक कॅमेरा कंपनीच्याच एखाद्या लेन्सचा असला, तर हिशोब भलत्याच काचेचा लागतो. नको तिथे उजेड वाढतो आणि वलयं उमटतात. कॅननच्या काही कॅमेऱ्यांवर असं होतं म्हणून दुसऱ्यांच्या कॅमेऱ्यांसाठी लेन्स बनवणाऱ्या सिग्मा कंपनीने स्वतःच ही दुरुस्ती बंद ठेवायला सांगितलं होतं. पुढे फर्मवेअर, म्हणजे लेन्सच्या आतला प्रोग्राम, बदलून तिच्या बऱ्याच लेन्स या दुरुस्तीशी जुळल्या.

सगळीकडे असं नाही. काही कंपन्यांनी मिळून वापरलेल्या मायक्रो फोर थर्ड्स या कॅमेरा-लेन्स पद्धतीत दुरुस्तीची माहिती लेन्सच कॅमेऱ्याला देते. सोनीने २०११ साली ई-माउंटची, म्हणजे आपल्या कॅमेऱ्यावर लेन्स बसवायच्या जोडणीची, मूलभूत माहिती इतर कंपन्यांना खुली केली. आज त्या माउंटवर सिग्मा-टॅमरॉनच्या बऱ्याच लेन्सना कॅमेऱ्यातली दुरुस्ती बिनबोभाट चालते. म्हणून 'बाहेरची लेन्स म्हणजे कटकट' हे सरसकट म्हणणं अन्यायाचं आहे. लग्नाच्या सीझनवर घर चालवणाऱ्याला कंपनीची महागडी लेन्स दरवेळी परवडत नाही, आणि चांगली काच एकाच कारखान्यात घडत नाही.

(दृश्य : मंगल कार्यालय, रात्रीचं रिसेप्शन.)

दुरुस्ती बरोबर लागली तरी तिची किंमत असते. समजा कोपऱ्यात उजेड दोन स्टॉपने कमी पडतो (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा). तो भरून काढायचा म्हणजे चौपट वाढवायचा. तुम्ही आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड वाढवण्याची पातळी, ३२०० ठेवून शूट करताय, पण कोपऱ्यात उभ्या मामा-मामींच्या चेहऱ्यावर दाणे १२८०० आयएसओचे दिसणार. रेषा सरळ करताना कडा ताणल्या जातात, तिथला तपशीलही थोडा जातो. कोपऱ्यातल्या माणसांनीही आहेर आणलेला असतो, त्यांचा चेहरा स्वच्छ यायलाच हवा.

कॅमेऱ्यातून तयार निघणाऱ्या जेपीईजी फोटोत ही दुरुस्ती कायमची बसते. उजेडाचं वलय एकदा उमटलं की मागे फिरता येत नाही. रॉ, म्हणजे कच्च्या फाईलमध्ये बहुतेक वेळा मूळ नोंद तशीच राहते आणि संगणकावर त्याच लेन्सचं प्रोफाईल, म्हणजे तिच्या दुरुस्तीचा हिशोब, लावता येतं. रात्रीतून अल्बमचे फोटो द्यायचे असले तरी रॉ सोबत ठेवाच.

(दृश्य : पांढरी भिंत, ट्रायपॉड.)

नवी लेन्स घेतलीत की सुपारी घेण्याआधी एवढं करा. सावलीतली साधी पांढरी भिंत गाठा. लेन्सचं छिद्र (अ‍ॅपर्चर) पूर्ण उघडं ठेवा, फोकस मुद्दाम सोडा. एक फोटो दुरुस्ती चालू ठेवून, एक बंद करून. मग भुसावळच्या फलाटाची कड किंवा मांडवाचा आडवा पाईप चौकटीच्या काठाला धरून तेच पुन्हा. झूम असेल तर दोन्ही टोकांना. चालू ठेवल्यावर भिंत एकसारखी आणि पाईप सरळ दिसला, तर खुशाल चालू ठेवा. वलय दिसलं, किंवा पाईप उलट्या बाजूला वाकला, तर मेन्यूत जाऊन बंद करा. कोपऱ्यांचा उजेड, रेषा आणि रंगाची किनार यांचे पर्याय बऱ्याच कॅमेऱ्यांत वेगवेगळे असतात, तेव्हा तिन्ही बघा. आणि कॅमेऱ्याचं किंवा लेन्सचं फर्मवेअर बदललं, की पुन्हा त्याच भिंतीसमोर उभे राहा.