बोटीला रिटेक जमत नाही

नमस्कार श्रोतेहो.

कालवा म्हटला की आपल्याला पाटकरी आठवतो, पाण्याची पाळी आठवते, रात्री-अपरात्री बॅटरी घेऊन दारं धरायला जाणं आठवतं. मी बारामतीकडची. नीरा डाव्या कालव्याच्या काठानं शाळेत जायचे. त्या कालव्यात पोहायला मनाई होती आणि सगळे पोहत होते, पण बोट काही कधी दिसली नाही. आता इंग्लंडमध्ये मी आणि माझा नवरा ज्या कालव्यावर राहतो, त्याच्या पाण्यावर उसाचं एक कांडंही भिजत नाही. हे कालवे खणले ते कोळसा, लोखंड, चिनी मातीची भांडी असला माल वाहायला, अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि त्यानंतरच्या काही दशकांत. घोडा काठावरून चालायचा आणि मागे दोरानं बोट ओढायचा. पुढे इंजिनं आली, मग रेल्वे आणि लॉऱ्यांनी माल पळवला. आज इंग्लंड आणि वेल्समधले साधारण 2000 मैलांचे जलमार्ग कॅनॉल अँड रिव्हर ट्रस्ट ही संस्था 2012 पासून सांभाळते. त्यांच्यावर सुट्टीला आलेली मंडळी फिरतात आणि आमच्यासारखे काही लोक बोटीतच संसार मांडतात.

आमची नॅरोबोट 57 फूट लांब आणि सात फुटांना दोन इंच कमी, एवढीच रुंद. या कालव्यांवर बोटी चढवा-उतरवायला दारं असलेले हौद असतात, त्यांना लॉक म्हणतात. त्यांतली अरुंद लॉक जेमतेम सात फुटांची आहेत, त्यामुळे बोट त्याहून रुंद करून चालत नाही. आत शिरलात तर रेल्वेच्या डब्यात आल्यासारखं वाटेल, फक्त या डब्यात गॅस, पलंग, कोळशाची शेगडी आणि कुंडीतला कढीपत्ता आहे.

आम्ही ग्रँड युनियन कालव्यावर नॉर्थॅम्प्टनशरमध्ये बोट बांधली होती. एक दिवस काठच्या पायवाटेवरून एक तरुण लोकेशन मॅनेजर आला. बोटीला पुढून-मागून पाहिलं, फोटो काढले आणि म्हणाला, चित्रपटासाठी द्याल का? गोष्ट दुसऱ्या महायुद्धातली. त्या काळात बोटीवरची माणसं कमी पडू लागली, म्हणून शहरांतल्या स्वयंसेवक मुलींना शिकवून याच कालव्यावर मालवाहतुकीला लावलं होतं. एक इंजिनवाली बोट, तिच्यामागे ओढली जाणारी बिनइंजिनाची दुसरी, आणि या जोडीवर तीन बायका. लंडनच्या गोदीतून धातूचा माल बर्मिंगहॅमला न्यायचा आणि येताना कॉव्हेंट्रीकडचा कोळसा भरायचा. मुख्य जोडी म्हणून जुन्या, जपलेल्या सत्तर फुटी बोटी त्यांनी मिळवल्या होत्या. आमची हवी होती ती समोरून येणारी, पिढीजात नावाडी कुटुंबाची बोट म्हणून. म्हणजे आम्ही सहकलाकार.

पैशांचं बोलणं झालं, ते फार लांबवत नाही. आमच्या खाजगी विम्यात असलं व्यावसायिक काम बसत नव्हतं, तेव्हा विमा त्यांनी उतरवायचा. ट्रस्टची परवानगी त्यांनी काढायची. बोट जशी घेतली तशी परत करायची. हे सगळं कागदावर घेतलं. एक कलम मी हट्टानं घातलं : बोट पाण्यावर हलत असेल तेव्हा तिच्या बाबतीत शेवटचा शब्द माझा. माझं मत विचाराल तर मानधनाच्या आकड्याआधी या कलमावर भांडावं.

मग कलाविभागाची माणसं आली, आणि त्यांना मात्र मी मनापासून सलाम केला. छतावरची सोलर पॅनेल, सायकली, डिशची तबकडी, प्लॅस्टिकचे कॅन सगळं उतरलं. निळ्या नायलॉनच्या दोरांच्या जागी जाड सुती दोर आले. परवान्याचा क्रमांक झाकला. मोठी अडचण खिडक्यांची होती. मालवाहू बोटीला अशा ओळीनं खिडक्या नसत. मधला बहुतेक भाग मालाचा, वर ताडपत्री. आणि अख्खं कुटुंब, पोराबाळांसकट, मागच्या दहा फुटांच्या खोलीत. तर आमच्या स्वयंपाकघरावर, झोपायच्या खोलीवर काळी ताडपत्री ओढून दोरांनी आवळली. भरदुपारी दिवा लावून मी पोळ्या लाटल्या. मागच्या दारावर एका बाईंनी गुलाबांची फुलं आणि किल्ला रंगवला, ही इथल्या नावाड्यांची जुनी चित्रकला. रंगवून झाल्यावर त्याच बाईंनी सँडपेपरनं निम्मी फुलं घासून पुसट केली. मी विचारलं, अहो, इतकं सुंदर काढून पुसताय? तर म्हणाल्या, या दाराला तुमची पोरं वीस वर्षं लाथा मारत आलीयेत.

आता मुख्य प्रसंग. नायिकेची बोट आणि आमची बोट समोरासमोरून जातात. जाताना आमच्या बोटीवरची अनुभवी नावाडी बाई त्या नवख्या मुलीशी दोन शब्द बोलते. पटकथेत ते दोन शब्द चांगले पानभर होते. त्यात युद्ध होतं, हरवलेला मुलगा होता, नदी आणि आयुष्य असलंही काहीतरी होतं.

श्रोतेहो, कालव्यावर वेगाची मर्यादा ताशी चार मैल आहे, आणि समोर बोट असेल तर त्याहूनही हळू जायचं. तरीही दोन बोटी एकमेकींकडे येतात तेव्हा दोघींचा वेग जमेस धरावा लागतो. सुकाणू धरणारा माणूस उभा असतो बोटीच्या अगदी मागच्या टोकाला. त्या दोघी एकमेकींना ऐकू येतील इतक्या जवळ असतात त्या फार तर दहा-बारा सेकंद. पहिल्या टेकला आमच्या बाईंचं युद्ध संपून मुलगा नुकता सुरू झाला होता, तोवर नायिका पुलाखालून पार.

दिग्दर्शक म्हणाले, हळू चालवा. मी सांगितलं, याहून हळू गेलं तर बोट सुकाणू मानत नाही. पंखा पाणी मागे फेकतो, ते पाणी सुकाणूच्या पात्यावर आदळतं तेव्हा कुठे सत्तावन्न फुटांचं हे लोखंड वळतं. मग थांबून बोलू द्या, म्हणाले. त्यावर जुन्या जोडीचा मालक, आयुष्य या बोटींत घालवलेला गृहस्थ, शांतपणे म्हणाला की नावाड्यांना मजुरी खेपेवर मिळायची. गप्पांसाठी भरलेली बोट कोण थांबवणार?

आणि तोवर आरोळी आली : सगळे परत पहिल्या जागेवर!

परत कसं जाणार? बोटीला ब्रेक नाही. थांबायचं तर इंजिन उलटं फिरवायचं, आणि उलटं फिरवलं की सुकाणू निकामी होऊन मागचं टोक आपल्या मर्जीनं एका बाजूला सरकतं. वळवून आणावं म्हटलं तर कालव्याची रुंदी बोटीच्या लांबीपेक्षा कमी. वळायला ठरावीक जागी काठ खणून रुंद केलेला असतो, तो पुढे बराच लांब. आणि त्या जुन्या जोडीतल्या मागच्या बोटीला तर इंजिनच नाही. तिला मागे ढकलायला गेलं की दोन्ही बोटी आडव्या. शेवटी युनिटमधली चार धट्टीकट्टी मुलं काठावर उतरली आणि पूर्वी घोडे चालायचे त्या वाटेवरून दोर खांद्यावर घेऊन आम्हाला ओढत मागे नेऊ लागली. मी लांब बांबूनं काठाला रेटत होते. एका टेकनंतर दुसरा टेक मिळेपर्यंत उजेड बदलायचा, ढग यायचे. कंटिन्युइटी सांभाळणारी मुलगी वहीत बघून सांगायची, मघाशी त्या झाडाची सावली पाण्यात नव्हती.

चहाच्या सुट्टीत संवाद कापले गेले. उरली तीन वाक्यं. त्यांतलं एक त्या जुन्या मालकानं सुचवलेलं : पुढची लॉक तुमच्या बाजूनं तयार आहेत. बोटवाले आजही समोरून येणाऱ्याला हेच सांगतात, कारण लॉक आधीच आपल्या पातळीला असलं तर तेवढा वेळ वाचतो आणि पाणीही. मला विचाराल तर कापलेल्या पानभर मजकुरापेक्षा या एका वाक्यात आपुलकी जास्त होती.

नावाडी बाई झालेल्या अभिनेत्रीबाईंच्या हाती सुकाणू दिसतं ना, तेव्हा मी त्यांच्या पायाशी, दाराच्या आतल्या पायरीवर उकिडवी बसले होते. इंजिनाचा वेग माझ्या हातात. खालून कुजबुजत सांगायचे, डावीकडे ढकला, आता सोडा. दांडा डावीकडे ढकलला की बोटीचं नाक उजवीकडे जातं, हे अंगवळणी पडेपर्यंत त्यांनी काठावरची बरीच झुडपं सपाट केली. लांबून घ्यायच्या दृश्यांत मात्र मीच. शाल, डोक्याला रुमाल, आणि कॅमेऱ्याकडे पाठ. वेशभूषेच्या मुलीनं माझ्या हातांकडे पाहिलं आणि अवघडून विचारलं, हातमोजे घालाल का? मी म्हटलं, बाई गं, युद्धाच्या काळात लंडनच्या गोदीत रत्नागिरीकडचे किती खलाशी होते, आमच्या रंगाचे हात तिथं नवे नव्हते. तिला पटलं. पण नावाडी बाईच्या जागी चालेना. हात अंगाआड ठेवून कॅमेरा थोडा सरकवला.

लॉकच्या दृश्यात आमचं खरं वाजलं. लॉक म्हणजे दोन्ही टोकांना दारं असलेला दगडी हौद. उतरताना भरलेल्या हौदात बोट घ्यायची, मागची दारं लावायची, पुढच्या झडपा लोखंडी हँडलनं उघडायच्या आणि पाण्याबरोबर खाली जायचं. मागच्या दाराखाली पाण्यात एक दगडी उंबरा असतो. पाणी भरलेलं असताना दिसत नाही, म्हणून त्याची हद्द काठावर पांढऱ्या रेघेनं दाखवलेली असते. बोटीचं मागचं टोक त्या रेघेच्या पुढेच हवं. मागे राहिलं तर पाणी उतरताना ते उंबऱ्यावर अडकतं, नाक खाली जात राहतं आणि बघता बघता बोट पाणी घेते. अशा बोटी बुडाल्या आहेत, आणि खूप अनुभवी लोकांच्या.

कॅमेरामनना चेहऱ्यावरचा उजेड रेघेच्या अलीकडेच छान मिळत होता. म्हणाले, दोनच फूट मागे घ्या. मी नाही म्हटलं. एकच फूट? नाही. मग जरा ताण झाला, फोन झाले, आणि माझं ते कलम कामी आलं. अर्ध्या तासानं त्यांनी कॅमेऱ्यासकट सगळा पसारा दोन फूट पुढे हलवला.

तिथंही टेक किती वेळा घ्यायचे हे ट्रस्टशी आधीच ठरलं होतं. या कालव्यावरचं लॉक रुंद, दोन बोटी शेजारी मावतील असं. ते एकदा रिकामं केलं की साधारण अडीच लाख लिटर पाणी खालच्या टप्प्यात जातं. उन्हाळ्यात वरचे तलाव आटले की इथंही लॉकना कुलपं लागतात. उजेड नीट नव्हता म्हणून पुन्हा घेऊ, असं कोणी सहज म्हणालं तेव्हा पोटात कालवाकालव झाली. एका दृश्यापायी अडीच लाख लिटर! आमच्याकडे एवढ्या पाण्यावर भावकी कोर्टात गेली असती.

चित्रपट लागला तेव्हा आसपासचे बोटवाले मिळून बघायला गेलो. आमच्या वाट्याला आलेला भाग सुरू होऊन संपतो इतक्यात समोसा खाऊन होणार नाही. तरी ती तीन वाक्यं शाबूत होती. शेजारी मात्र वेगळ्याच कारणानं खवळले. चित्रीकरणात इंजिनाच्या धडधडीमुळे संवाद ऐकू येईनात, म्हणून आवाज नंतर चढवला होता. आणि चढवला तो एका सिलिंडरच्या जुन्या इंजिनाचा, ठक्... ठक्... करणारा. त्या काळी या कालव्यावरच्या मोठ्या कंपनीच्या नव्या बोटींना दोन सिलिंडरची डिझेल इंजिनं होती. चित्रपटगृहाबाहेर पावसात उभं राहून त्यावर जो वाद रंगला, तो मूळ चित्रपटापेक्षा लांबला असेल.

आमच्या बोटीत तर यातलं कुठलंच इंजिन नाही. आमचं आहे कुबोटाचं, बोटीसाठी बदल करून घेतलेलं. तोच कुबोटा, ज्याचे नारिंगी ट्रॅक्टर तुमच्या शेताच्या बांधावर दिसतात. परवा सकाळी ते सुरू करताना मी फोनवर आवाज टिपून ठेवला, खास या कार्यक्रमासाठी. आधी किल्ली फिरवल्याचा आवाज येईल, मग इंजिन लागेल, आणि त्यामागून पाण्याची खळखळ. मध्ये एक बदक ओरडतं, त्याला आम्ही बोलावलं नव्हतं. ऐका.

(बोटीचं इंजिन सुरू होतं. आवाज चाळीस सेकंद.)