फाडलेला कागद

श्रोतेहो, नमस्कार.

शीख इतिहासातल्या लढाया म्हटलं की आनंदपूर, चमकौर, सरहिंद ही नावं आपल्याला आठवतात. आज मी तुम्हाला खिदराण्याच्या ढाबेवर नेणार आहे. ढाब म्हणजे रखरखीत मुलखात पावसाचं पाणी साठवणारं तळं. खिदराण्याची ढाब, नाव लक्षात ठेवा.

सुरुवात आनंदपूरला होते. साल 1704. गडाला मुघल फौजांनी आणि पहाडी राजांनी वेढा घातलाय. आत गुरू गोविंदसिंगजी आहेत. महिन्यांमागून महिने गेले, धान्य संपलं. पंजाबात रावी आणि बियास या नद्यांमधल्या मुलखाला ‘माझा’ असं नाव आहे. तिथले चाळीस शीख गुरूंपुढे येऊन म्हणाले, आता सोसवत नाही, आम्ही घरी जातो. गुरू म्हणाले, जा, पण तसं लिहून द्या. त्यांनी लिहून दिलं, ‘तुम्ही आमचे गुरू नाही, आम्ही तुमचे शीख नाही.’ खाली सह्या केल्या.

या कागदाला म्हणतात बेदावा. शब्द आपलाच वाटतो ना? आपल्या जुन्या दप्तरांतही तो सापडतो. हक्क सोडला, दावा सोडला, असं लिहून देणं म्हणजे बेदावा. घराघरांत वाटणीच्या वेळी असे कागद होतात आणि सख्खी भावंडं पुढे एकमेकांच्या दारात पाऊल टाकत नाहीत. कागद करून नातं तोडू नये, असं माझं फार मनापासूनचं मत आहे. असो.

तर चाळीस जण गावी परतले. झबाल गावच्या माई भागो यांना हे कळलं आणि त्या संतापल्या. गुरू वेढ्यात आणि तुम्ही घरात? त्यांनी स्वतः मर्दानी वेश केला, शस्त्रं घेतली, घोड्यावर बसल्या आणि या चाळिसांना घेऊन निघाल्या.

तोवर गुरूंचं सगळं उद्ध्वस्त झालं होतं. आनंदपूर सुटलं. सरसा नदीच्या पुरात माणसं वाहून गेली, अनेक हस्तलिखितं, कितीतरी कविता पाण्यात गेल्या. थोरले दोन साहिबजादे, म्हणजे गुरूंचे मुलगे, चमकौरच्या लढाईत पडले, धाकट्या दोघांना सरहिंदला मारलं. आणि सरहिंदचा मुघल अधिकारी वजीर खान पाठलागावर होता.

1705 मध्ये त्याची फौज खिदराण्याच्या ढाबेपाशी आली आणि हे चाळीस जण वाटेत उभे राहिले. झुडपांवर चादरी पसरल्या, म्हणजे दुरून तंबूंचा तळ वाटावा. मग लढले. गुरू जवळच्या टेकाडावरून बाण सोडत होते. फौजेला मागे फिरावं लागलं, पण ते चाळीस जण तिथेच पडले.

परंपरा सांगते, गुरू रणात उतरले. एकेकाचं तोंड पुसत म्हणाले, हा माझा पंजहजारी, हा माझा दसहजारी. बादशहा मनसब देतो ना, तशी! चाळिसांपैकी महानसिंगात अजून धुगधुगी होती. गुरूंनी त्याचं डोकं मांडीवर घेतलं. काय हवं, माग. तो म्हणाला, ‘सच्चे पातशाह, तो कागद फाडा. तुटलेलं जोडा.’

गुरूंनी कमरेचा कागद काढला. श्रोतेहो, ऐका. ग्रंथ पुरात गेले, घर गेलं, चार मुलगे गेले, आणि हा कागद त्यांनी अंगावर जपला होता! त्यांनी तो बेदावा महानसिंगाच्या डोळ्यांदेखत फाडला.

खिदराण्याचं नाव झालं मुक्तसर. तिथल्या एका गुरुद्वाऱ्याचं नाव आहे टुट्टी गंढी साहिब. गंढ म्हणजे आपली गाठ. तुटलं होतं, तिथे गाठ मारली.

आता या इतिहासातल्या वीरकाव्याविषयी थोडं. गुरूंनी औरंगजेबाला फारसीत पद्यपत्र धाडलं, जफरनामा. भाई दयासिंग ते घेऊन दक्षिणेत आले, कारण बादशहाचा मुक्काम अहमदनगरला, आजच्या अहिल्यानगरला होता. त्यात गुरू म्हणतात, सगळे उपाय हरले की मगच तलवारीला हात घालणं रास्त. सगळे उपाय हरले की मगच.

दुसरं, ‘चंडी दी वार’. वार म्हणजे वीरगाथा. ढाडी लोक हातातली छोटी ढड्ड वाजवत सारंगीच्या साथीने वार गातात, जसे आपले शाहीर डफ-तुणतुण्यावर पोवाडा गातात. पोवाडा काय, वार काय, समोर बसून ऐकावी. शाळांनी वर्षातून एकदा तरी शाहिराला बोलवावं, मुलांच्या अंगावर काटा येऊ द्यावा.

शिखांची रोजची अरदास, म्हणजे प्रार्थना, याच वारेच्या पहिल्या ओळींनी सुरू होते, ‘प्रिथम भगौती सिमर कै’. आणि पुढे त्याच अरदासीत चार साहिबजाद्यांनंतर नाव येतं चाळीस मुक्तांचं. ज्यांनी बेदावा लिहून दिला होता, त्यांचं. रोज.

माई भागो खिदराण्याहून जखमी होऊन वाचल्या. त्या गुरूंसोबत राहिल्या आणि 1708 मध्ये त्यांच्याबरोबर गोदाकाठी आपल्या नांदेडला आल्या. सचखंड हुजूर साहिबला आपण जातो, माथा टेकतो, लंगरचा प्रसाद घेतो आणि गाडी गाठतो. पुढच्या खेपेला थोडं थांबा. त्याच आवारात बुंगा माई भागो, म्हणजे माई भागोंचं निवासस्थान, आहे. कुणालाही विचारा, हात धरून नेऊन दाखवतील.